गणिताचे मार्क विचारण्याआधी पेपर मागा : सीमाभागातल्या पालकांना आणि एसडीएमसी सदस्यांना खुलं पत्र

नमस्कार,

कर्नाटकातल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या मराठी माध्यमाच्या शाळांत ज्यांची पोरं शिकतात त्या सगळ्या आई-वडिलांना, आणि त्या शाळांच्या एसडीएमसीत, म्हणजे शाळेच्या विकास-देखरेख समितीत, जे बसतात त्यांना हे पत्र लिहितेय. मी तेवीस वर्षं मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळांत गणित शिकवलं, आता रिटायर झालेय, तरी संध्याकाळी आजूबाजूची आठ-दहा पोरं घरी येतात. पत्र लिहायचं कारण म्हणजे गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या पोरांच्या मागं इतक्या परीक्षा लागल्यात की पालक नुसते आकडे ऐकून घाबरतात. एफए-एसए ह्या शाळेतल्या चाचण्या, एनएमएमएस ही स्कॉलरशिपची परीक्षा, सर्व्हे, वरनं कोचिंगवाल्यांच्या टॅलेंट टेस्ट. आणि हे आकडे एकमेकांत मिसळून पोरावर शिक्का मारला जातो, "गणितात ढ".

मागच्या महिन्यात वडगावातनं एक आई पोराला घेऊन आली. पोरगा सहावीत. शाळेत वीस मार्कांची टेस्ट झालेली, त्याला सहा पडलेले. बाई दारातच म्हणाल्या, "टीचर, ह्याला गणित जमतच न्हाई बगा, ह्याच्या बाबांनी सांगितलंय आता आयटीआयलाच घालायचं." पोरगा खाली मान घालून उभा. मी म्हटलं पेपर कुठाय? पेपर नव्हताच, व्हॉट्सअ‍ॅपवर नुसती यादी आलेली, नावासमोर सहा. म्हटलं पेपर आणा, मग बोलू. त्याचे वडील दोनदा शाळेत जाऊन आले तेव्हा कुठं पेपर हातात पडला.

पेपर बघितला आणि मला बरंच वाटलं, कारण चौदा चुका होत्या पण त्यातल्या अकरा एकाच जागी. ५०३ वजा २७८ ह्याचं उत्तर त्यानं लिहिलेलं ३७५. कसं आलं म्हणून विचारलं तर म्हणाला, "वरचं लहान आणि खालचं मोठं आलं की उलटं करायचं टीचर." म्हणजे तीनातून आठ जात नाहीत तर आठातून तीन काढले, पाच. शून्यातून सात जात नाहीत तर सातातून शून्य, सात. पाचातून दोन, तीन. झालं ३७५. बिनहातच्याची वजाबाकी त्याची सगळी बरोबर होती, पाढे बरोबर होते, पण भागाकारात आत वजाबाकी येते तिथं परत तीच खोट, म्हणून भागाकारही गेले. चौदा ठिकाणी चुकलेलं पोर आणि एकाच ठिकाणी अडकलेलं पोर ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि सहा हा आकडा तो फरक सांगत नाही.

मग पाचशेची नोट आणि तीन रुपये घेऊन बसलो. २७८ द्यायचेत तर पाचशेची मोडावी लागते, शंभराच्या पाच झाल्या, त्यातली एक परत मोडून दहाच्या दहा, त्यातली एक मोडून सुटे दहा, आधीचे तीन धरून तेरा. हाताखाली नोटा ठेवल्यावर त्याला दिसलं की शून्याच्या जागी नऊ का होतात. दहा-बारा दिवस लागले, पण बसलं डोक्यात.

आता त्याच्या वडिलांचं सांगते, कारण परीक्षा म्हणजे काय हे मला स्वतःला नीट सांगता आलं ते त्यांच्याशी बोलताना. ते उद्यमबागेत मशीन शॉपला आहेत. मी त्यांना विचारलं, तुमच्याकडं गो-नो गो गेज असतो ना, तो काय सांगतो? म्हणाले, जॉब म्हणजे मशीनवर केलेला भाग मापात बसतो की नाही तेवढंच, किती कमी किती जास्त ते नाही सांगत, त्याला व्हर्नियर लावावा लागतो. म्हटलं बस्स, हेच. परीक्षा हे मापाचं हत्यार आहे. कुठलं हत्यार कशासाठी लावलं ते आधी विचारायचं, मग आकडा वाचायचा. गेजनं नापास केलेल्या जॉबला कुणी "हे लोखंडच वाईट" म्हणत नाही, कुठं घासायचं ते बघतात.

आणि स्टँडर्डाइज्ड टेस्ट, ज्याला आपण प्रमाणित चाचणी म्हणतो, तीही तेवढीच गोष्ट. सगळ्यांना सारखा पेपर, सारखा वेळ, सारख्या सूचना, तपासायची सारखी पद्धत, म्हणजे बेळगावातल्या पोराचे बारा आणि जांबोटीतल्या पोरीचे बारा हे खरंच सारखे बारा असावेत. गेज कॅलिब्रेट करून घेतात तसं. ह्यातली एक जरी गोष्ट हलली की आकडा हलतो. दहावीचंच बघा, २०२३ ला एसएसएलसीचा राज्याचा निकाल ८३.८९ टक्के लागला आणि २०२४ ला ७३.४०. एका वर्षात राज्यातली पोरं एवढी मंद झाली का? नाही, त्या वर्षी परीक्षा केंद्रांवर वेबकास्टिंग, म्हणजे कॅमेऱ्यातनं थेट नजर, आलं, कॉपीला आळा बसला, आणि दुसरीकडं ग्रेस मार्क वाढवले. म्हणजे मोजायची पद्धतच दोन्ही बाजूंनी बदलली, मग आधीच्या वर्षाशी तुलना कशी करणार. पण पेपरात हेडलाइन आली आणि घरोघरी पोरांना बोलणी बसली.

बरं, व्हर्नियरला लीस्ट काउंट असतो. ०.०२ मिलिमीटरच्या खाली तो बोलत नाही हे त्या वडिलांना पाठ आहे. मार्कांनाही असतो, पण तो कुणी छापत नाही. तेच पोर तसाच पेपर सोमवारी सोडवेल आणि गुरुवारी सोडवेल तर वीसात दोन मार्क इकडंतिकडं सहज होतात. झोप झाली नसेल, एक प्रश्न वाचायचा राहिला, पेन अडलं. म्हणून शेजारच्याला चौदा आणि आमच्याला बारा ह्यावर घरात जे रामायण होतं ते कृपा करून थांबवा, तेवढा फरक हा फरकच नाही.

आता ह्या वेगवेगळ्या परीक्षा. एफए आणि एसए ह्या शाळेच्या आतल्या, वर्षात चार एफए आणि दोन एसए. एफएचं कामच मुळी शिकवता शिकवता पोर कुठं अडलंय ते शोधायचं. पण आपण काय करतो, एफएचे पण मार्क मोजतो आणि पेपर गठ्ठ्यात बांधून ठेवतो. डॉक्टरकडं जाऊन रक्त तपासायला द्यायचं आणि रिपोर्ट न वाचता बिल तेवढं जपून ठेवायचं, तसं झालं हे.

एनएमएमएस आठवीला असते, ती निवडीची परीक्षा. पास झालं तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये स्कॉलरशिप मिळते, आपल्या भागातल्या विणकरांच्या, फाउंड्रीत जाणाऱ्यांच्या, शेतमजुरांच्या घरात ही रक्कम लहान नाही, म्हणून पोरांना जरूर बसवा. ९० मार्कांचा मॅट म्हणजे बुद्धिमत्तेचा पेपर आणि ९० मार्कांचा सॅट म्हणजे विषयांचा, ज्यात गणित आहे. पण निकाल वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक म्हणजे ९० प्रश्न आणि प्रत्येकाला चार पर्याय, तर डोळे मिटून गोल काळे केले तरी सरासरी बावीस-तेवीस मार्क पडतात, त्यामुळं पंचवीस पडले म्हणून चौथा हिस्सा येतंय असं समजू नका. दुसरं म्हणजे ही परीक्षा जागा मर्यादित म्हणून पोरांना एकापुढं एक लावते. यादीत नाव नाही आलं म्हणजे आठवीचं गणित येत नाही असा अर्थ नाही, पुढं दुसरी पोरं होती एवढाच अर्थ.

ह्याच जागी टक्के आणि पर्सेंटाइलचा घोळ होतो. ८० टक्के म्हणजे शंभरातले ऐंशी मार्क. ८० पर्सेंटाइल म्हणजे बसलेल्या शंभरातली ऐंशी पोरं तुमच्या पोराएवढी किंवा त्याच्या मागं, मग मार्क पस्तीस का असेनात. एका कोचिंगवाल्याच्या टॅलेंट टेस्टचं रंगीत कार्ड घेऊन येळ्ळूरकडचे एक आजोबा आले होते, नातीला ४२ पर्सेंटाइल, आजोबांना वाटलं ४२ टक्के. मी विचारलं, कार्डावर कितीजण बसले, कुठली पोरं बसली, प्रश्न कुठल्या इयत्तेचे, काही आहे का? काही नव्हतं. खाली मात्र बारा महिन्यांच्या कोर्सची फी होती. ज्या परीक्षेचा पेपर दाखवत नाहीत आणि कुणाशी तुलना केली ते सांगत नाहीत, तिचा आकडा पोराच्या कानावरसुद्धा घालू नका. जेईई मेनमध्ये पर्सेंटाइल देतात त्याला कारण आहे, तिथं वेगवेगळ्या शिफ्टला वेगवेगळे पेपर असतात आणि कुणाला सोपा कुणाला अवघड येतो, ते सारखं करायला. गावातल्या एका हॉलमध्ये एकच पेपर देऊन पर्सेंटाइल कशाला?

तिसरा प्रकार सर्व्हेचा, आणि ह्याच्यावर मला जास्त बोलायचंय कारण ह्यात शाळांचं चुकतं. २०२१ च्या १२ नोव्हेंबरला नॅस हा देशभरचा सर्व्हे झाला, मग ४ डिसेंबर २०२४ ला परख सर्वेक्षण झालं, तिसरी, सहावी आणि नववीला. देशातनं ७४ हजारांवर शाळा आणि २१ लाखांवर मुलं निवडली होती. निवडलेली. म्हणजे भाताचं शीत दाबून बघतात तसं, प्रत्येक शीत दाबत नाहीत. ह्या सर्व्हेचा निकाल जिल्ह्याचा आणि राज्याचा असतो, तुमच्या पोराचा नसतो, त्यात पास-नापास नाहीच. तरी मला माहितीय एका शाळेत सर्व्हेच्या आधी महिनाभर गणिताचा पाठ बंद ठेवून नुसतं ओएमआरचे, म्हणजे मशीननं तपासायच्या उत्तरपत्रिकेतले, गोल भरायची प्रॅक्टिस घेतली. त्यानं काय झालं? जिल्ह्याला ताप किती आहे ते बघायला थर्मामीटर लावला आणि आपण आधीच तोंडात बर्फ ठेवला. ताप कळलाच नाही तर औषध कोण देणार.

त्या सर्वेक्षणात देशाचं जे दिसलं ते मात्र प्रत्येक एसडीएमसीनं वाचण्यासारखं आहे. तिसरीतल्या ५५ टक्के मुलांनाच ९९ पर्यंतच्या संख्या लहानापासून मोठ्या किंवा उलट लावता आल्या. सहावीत दहापर्यंतचे पाढे आणि बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार नीट येणारी मुलं ५३ टक्के. गणिताची सरासरी तिसरीला ६०, सहावीला ४६, नववीला ३७. आता हे ६०-४६-३७ बघून "पोरं वर जातात तशी बिघडतात" असं लगेच म्हणू नका, कारण तिन्ही वर्गांतली पोरं वेगळी आणि पेपर वेगळे, एकाच पोराला तीनदा मोजलेलं नाही. पण वजाबाकी कच्ची राहिलेलं पोर पुढं भागाकारात आणि मग अपूर्णांकात अडकतं हे मी तेवीस वर्षं बघितलंय, त्याला सर्व्हे लागत नाही.

असरचा सर्व्हे वेगळा. तो खेड्यात घरी जाऊन करतात, एकेका पोराला जवळ बसवून, लेखी पेपर न देता. आकडे ओळख, दोन अंकी हातच्याची वजाबाकी, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भाग, एवढंच. २०२४ च्या असरमध्ये देशातल्या खेड्यांत पाचवीच्या ३०.७ टक्के मुलांनाच तो भागाकार आला. हा गो-नो गो गेज आहे बघा, येतं किंवा येत नाही. आणि हा गेज घरी लावायला कुणाची परवानगी लागत नाही. आज रात्री जेवण झाल्यावर पोराला ८४६ भागिले ६ घाला, आणि उत्तर बघू नका, तो करतो कसा ते बघा.

आता आपल्या भागाची गोष्ट, जी बेंगळूरला बसून कळत नाही. आपलं पोर घरी मराठी बोलतं, बाजारात कन्नड ऐकतं, शाळेत पुस्तक मराठी, आणि टीव्हीवर हिंदी. माझ्याकडं एक चौथीतली पोरगी येते, तिच्या आईचा भाजीचा गाडा आहे. तिला मी म्हटलं एकोणसत्तर लिही, तिनं लिहिलं ७९. परत म्हटलं, परत ७९. मग मी कन्नडात म्हटलं, अरवत्तोंबत्तु. पटकन ६९ लिहिलं. का तर अरवत्तु म्हणजे साठ आणि ओंबत्तु म्हणजे नऊ, जसं बोलतो तसं लिहायचं. आपल्या मराठीत एकोणसत्तर म्हणजे सत्तराला एक कमी, पोरीला "सत्तर" ऐकू येतं आणि हात ७ कडं जातो. त्या पोरीला गाड्यावर बसवा, दीड किलो टोमॅटो आणि पाव किलो मिरचीचा हिशेब तोंडी करून सुट्टे पैसे परत देते. आता हिला श्रुतलेखनाच्या टेस्टमध्ये शून्य पडलं तर आपण काय मोजलं, गणित की मराठीतली संख्यानावं? दोन्ही शिकवायला पाहिजेत, मी संख्यानावं सोडा म्हणत नाही, ती आपल्या भाषेची आहेत आणि पोरांना आलीच पाहिजेत. पण कुठलं आलं नाही ते वेगळं लिहा. दोन्हीला मिळून एक शून्य देऊ नका.

प्रश्नाच्या भाषेचं पण तसंच आहे. आपल्या पोरांपुढं येणारा बराचसा मजकूर कन्नडातनं नाहीतर इंग्रजीतनं उतरवलेला असतो, आणि कधीकधी वाक्य असं होतं की मलाच दोनदा वाचावं लागतं. आपण लसावि-मसावि म्हणतो, कन्नडात लसाअ-मसाअ. एखादी गाइड चाळली की शब्द मध्येच बदलतो, आणि पोर म्हणतं हे आम्हाला शिकवलंच नाही. गणिताचा प्रश्न गणित मोजायला पाहिजे, वाक्याचा गुंता सोडवायला नाही. राज्यघटनेच्या ३५० अ कलमात भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळायची सोय करावी असं लिहिलंय, त्यात माझ्या मते मातृभाषेत समजेल असा पेपर पण आला. म्हणून प्रत्येक एसएनंतर आपल्या शाळेतल्या गणिताच्या टीचरांना एवढंच विचारा की कुठला प्रश्न पोरांना भाषेमुळं कळला नाही. त्याची नोंद करा, प्रश्न क्रमांक घालून, आणि एसडीएमसीच्या ठरावासकट बीईओ, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या, ऑफिसला द्या. तोंडी तक्रार हवेत जाते, कागद राहतो. आजूबाजूच्या चार शाळांनी तोच प्रश्न लिहून दिला तर त्या कागदाला वजन येतं.

दहावीच्या पालकांना एक सांगते, कारण बऱ्याच जणांना माहीत नसतं. एसएसएलसीचं गणित ८० मार्क लेखी आणि २० शाळेचे आतले. परीक्षा झाल्यावर बोर्ड उत्तरांची की प्रसिद्ध करतं आणि त्यावर हरकत घेता येते, प्रश्न किंवा उत्तर चुकलं असेल तर तेव्हाच बोलायचं असतं, निकालानंतर नाही. निकालानंतर उत्तरपत्रिकेची स्कॅन कॉपी फी भरून मागवता येते, ती बघून मग रिव्हॅल्युएशनचं ठरवा. आणि २०२४ पासून वर्षात एकाहून जास्त परीक्षा होतात, पहिल्यात गणित राहिलं तर त्याच वर्षी पुढची देता येते, त्यामुळं पोराला वर्ष वाया गेलं म्हणून घरात बसवू नका, आणि पोरीला तर मुळीच नको. गणितात राहिली म्हणून शिक्षण थांबवलेल्या कितीतरी पोरी मी बघितल्यात, त्यातल्या दोघी आज दुकानाचा सगळा हिशेब एकट्या सांभाळतात.

शिक्षकांबद्दल दोन शब्द, कारण माझं पत्र वाचून कुणी शाळेत भांडायला जाऊ नये. एका टीचरकडं दोन-तीन वर्ग असतात, वरून ऑनलाइन माहिती भरायची, दुपारच्या जेवणाचं बघायचं, सर्व्हे असला की तिकडं. चाळीस पोरांचे पेपर चुका शोधत तपासायला वेळ लागतो, मार्क टाकायला लागत नाही, म्हणून मार्क पडतात. तिथंच एसडीएमसीनं मदत करायची. बारावी झालेली, डिग्रीला असलेली गावातली पोरं-पोरी असतात, त्यांना एक दिवस बसवा. टीचर सांगतील तसं प्रत्येक प्रश्नासमोर किती पोरांची चूक ते मोजायचं, आणि सगळ्यांत जास्त चुकलेल्या तीन प्रश्नांत पोरांनी काय उत्तरं लिहिली ती फळ्यावर मांडायची. ५०३ वजा २७८ चंच घ्या. कुणी ३७५ लिहिलं तर ते आकडे उलटे करतंय. २३५ लिहिलं तर हातचा घेताना शून्याचे दहा केले पण नऊ करायचे विसरलं. ३३५ लिहिलं तर शंभरातला पण कमी केला नाही. ७८१ लिहिलं तर त्यानं चिन्हच बघितलं नाही, बेरीज केली. चौघांनाही शून्यच मार्क, पण चौघांना शिकवायचं वेगळं. चांगल्या परीक्षेत चुकीचे पर्याय असेच विचार करून घालतात, उगीच कुठलेही आकडे टाकत नाहीत, म्हणून पोरानं कुठला चुकीचा गोल काळा केला ते पण बघण्यासारखं असतं.

सरकारी शाळांत समुदायदत्त शालेचा दिवस असतो, पालकांना बोलावून पोरांच्या प्रगतीचं सांगतात. आपण जातो, सही करतो, चहा घेतो, येतो. पुढच्या वेळी सही करण्याआधी गणिताचा पेपर मागून घ्या आणि पोराला शेजारी बसवून एक चुकलेलं गणित त्याच्या तोंडून ऐका, "हे तू कसं केलंस?" एवढंच विचारा, मध्ये बोलू नका, बरोबर उत्तर सांगायची घाई करू नका. तुम्हाला स्वतःला गणित येत नसलं तरी चालेल. वडगावातल्या त्या आईला हातच्याची वजाबाकी लिहिता येत नाही, पण आता रोज रात्री ती पोराला हाच प्रश्न विचारते आणि पोरगं तिला नोटा मांडून दाखवतं. आयटीआयचा विषय अजून घरात निघतो, निघू दे, आयटीआय काही वाईट नाही, पण तो सहा मार्कांवरनं ठरणार नाही असं वडिलांनी मला सांगितलंय.

ज्या एसडीएमसीला ही प्रश्नवार यादी करायची आहे त्यांनी पुढच्या एसएनंतर बोलवावं. बेळगाव तालुक्यात कुठंही मी येते, लांबच्यांनी बसची वेळ तेवढी सांगावी. पेपर मात्र तपासलेले पाहिजेत आणि पोरं तिथं पाहिजेत.

तुमचीच,
एक रिटायर टीचर, बेळगाव